ग्रेट सर्कल मॅपर : अंतराला चोख, वेळेसाठी मात्र सोबत दुसरं काही हवं

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती, असं इंटरनेटवर विचारलं की उत्तरांची रांग लागते. कुठे १३,५००, कुठे ८,४००, कुठे ७,३००, कुठे १५,७००. वेळ विचारली तर कुणी सोळा तास सांगतं, कुणी सव्वासतरा, कुणी बावीस. यातला जवळजवळ प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर असतो, फक्त तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कुणी लिहीत नाही. पहिले तीन आकडे एकाच रेषेचे आहेत : किलोमीटर, साधे मैल आणि सागरी मैल. चौथा फ्रँकफुर्टमार्गे जाण्याचा आहे.

हा गुंता सोडवायला ‘ग्रेट सर्कल मॅपर’ (जीसीमॅप डॉट कॉम) हे जुनं, साधं आणि मोफत संकेतस्थळ आजही सगळ्यात भरवशाचं आहे. विमानवेड्या मंडळींना ते चांगलंच ठाऊक आहे. पण मुलगी-जावई कॅलिफोर्नियात असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांत ते फारसं पोचलेलं नाही, आणि खरी गरज तिथेच आहे. ते काय नीट करतं, कुठे कमी पडतं आणि त्याच्या जोडीला काय वापरावं, ते इथे मुंबई–सॅन फ्रान्सिस्को याच जोडीवर तपासून पाहू.

वापरायचं कसं

मुखपृष्ठावर एक लांबट चौकट आहे. तिच्यात विमानतळांचे तीन अक्षरी कोड रोमन लिपीत टाकायचे, मध्ये आडवी रेघ : बीओएम-एसएफओ. नकाशाचं बटण दाबलं की रेषा दिसते, अंतराचं बटण दाबलं की तक्ता येतो. खातं उघडायचं नाही, ईमेल द्यायचा नाही.

खरी ताकद स्वल्पविरामात आहे. रेघेने टप्पे जोडायचे आणि स्वल्पविरामाने पर्याय वेगळे करायचे. ‘बीओएम-एसएफओ, बीओएम-डीएक्सबी-एसएफओ, बीओएम-एफआरए-एसएफओ, बीओएम-एचकेजी-एसएफओ’ एवढं एका दमात टाकलं की थेट, दुबईमार्गे, फ्रँकफुर्टमार्गे आणि हाँगकाँगमार्गे असे चारही मार्ग एकाच नकाशावर उमटतात आणि तक्त्यात प्रत्येकाची टप्पावार बेरीज मिळते. तिकीट काढण्याआधी ही एक ओळ टाकून पाहिली तरी बरेच गैरसमज तिथेच संपतात.

कोड टाकताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा कोड एसजेसी, तर कोस्टा रिकातल्या सॅन होजेचा एसजेओ. ऑस्ट्रेलियातली सिडनी एसवायडी, आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात दुसरी सिडनी आहे, तिचा कोड वायक्यूवाय. आपल्याकडे गोव्याचे आता दोन विमानतळ आहेत : दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. मुंबईचा कोड जुन्या नावावरून आलेला बीओएमच आहे, पण २०२५ च्या अखेरीस सुरू झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाचा कोड एनएमआय. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच्या अंतरात या दोघांमुळे पडणारा फरक नगण्य आहे. पण चुकीच्या विमानतळाकडे टॅक्सी वळवली तर त्या दिवसाचं विमान हमखास चुकेल. कोड आठवत नसेल तर शोधाच्या बटणावर शहराचं नाव टाकून तो मिळतो.

एककांकडेही लक्ष द्यावं. तक्ता सुरुवातीला साध्या मैलात असतो, आणि तोच आकडा किलोमीटर समजून पुढे पाठवला जातो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक आणि विमान कंपन्या सागरी मैल वापरतात, तर अमेरिकेतल्या मायलेज योजना साध्या मैलात मोजतात. संकेतस्थळावर तिन्ही एककं निवडता येतात. किलोमीटर निवडून मगच तक्ता वाचायला घ्यावा.

रेषा अशी उत्तरेला का जाते

पहिल्यांदा बघणाऱ्याला नकाशा चुकलाय असंच वाटतं. सॅन फ्रान्सिस्को म्हणजे पश्चिमेला युरोप ओलांडून अटलांटिकपार, नाहीतर पूर्वेला जपानवरून पॅसिफिकपार, अशी आपल्या मनात भिंतीवरच्या नकाशाने पक्की केलेली समजूत. प्रत्यक्षात मुंबईहून निघणारी सर्वांत जवळची रेषा जवळपास सरळ उत्तरेकडे, फक्त १४ अंश पूर्वेला कललेली निघते. राजस्थान, पंजाब, हिमाचल, मग जवळजवळ लेहच्या डोक्यावरून काराकोरम ओलांडून ती शिनजियांगच्या वाळवंटात उतरते. पुढे सैबेरिया, आर्क्टिक महासागर (सर्वांत उत्तरेला सुमारे ७६–७७ अंश अक्षांश), मग अलास्का आणि कॅनडाचा पश्चिम किनारा धरून खाली सॅन फ्रान्सिस्को.

पटत नसेल तर घरातला पृथ्वीगोल घ्यावा. एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्को धरून दोरा ताणून बसवावा. तो आपोआप याच वाटेवर जाऊन बसतो. भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त, इंग्रजीत ‘ग्रेट सर्कल’, ते हेच. सपाट नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणून रुंद केलेला असतो, म्हणून जवळची वाट तिथे लांब कमान होऊन दिसते. ग्रेट सर्कल मॅपरवर नकाशाचा प्रकार बदलता येतो. गोलासारखा दिसणारा किंवा ध्रुवावरून पाहिलेला नकाशा निवडला की कमान सरळ होते आणि शंका मिटते. मुलांना भूगोल शिकवणाऱ्यांनी हे जरूर वापरावं.

संकेतस्थळ पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे लक्षात घेऊन हिशेब करतं, हाही त्याचा मोठा गुण. पृथ्वी अगदी गोल धरून केलेल्या हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. १३,५०० किलोमीटरमध्ये तो काही दहा किलोमीटरांत जातो. प्रवाशाला त्याने फरक पडत नाही, पण दोन संकेतस्थळांचे आकडे थोडे वेगळे का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

मार्गांची तुलना : इथे हे साधन सर्वांत उपयोगी

वर दिलेली चार मार्गांची ओळ टाकली की ढोबळमानाने हे चित्र मिळतं. थेट सुमारे १३,५०० किलोमीटर. दुबईमार्गे १,९३० अधिक १३,०४०, म्हणजे १५,००० च्या आत. फ्रँकफुर्टमार्गे ६,५७० अधिक ९,१५०, एकूण सुमारे १५,७००. हाँगकाँगमार्गे ४,२७० अधिक ११,१३०, एकूण सुमारे १५,४००. यात सिंगापूरमार्गे जाण्याचा पाचवा पर्याय टाकला तर त्याची बेरीज साधारण १७,५०० वर जाते.

हाँगकाँगचा आकडा पुन्हा पाहावा. अमेरिकेला जायचं तर युरोपवरून, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की पूर्वेकडची तिकिटं कित्येकजण उघडूनही पाहत नाहीत. पूर्व किनाऱ्यासाठी, म्हणजे न्यूयॉर्क-न्यू जर्सीसाठी, ते योग्यच आहे. मुंबई–न्यूयॉर्क सुमारे १२,५५० किलोमीटर आणि ती रेषा खरोखर युरोपच्या बाजूने जाते. पण सॅन फ्रान्सिस्को, सिएटल, लॉस एंजेलिससाठी पूर्वेकडची वाट लांबची नाही, आणि हिवाळ्यात पॅसिफिकवरचे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे तिकडे जाताना विमानाच्या पाठीशी असतात. उलट सिंगापूरमार्गे जाणं हे अंतराच्या दृष्टीने चक्क वळसा आहे. तिकीट कितीही स्वस्त असलं तरी चार हजार किलोमीटर जास्तीचे शरीराला जाणवतात, गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना तर नक्कीच.

आणखी एक सोय आहे : पल्ल्याचं वर्तुळ. पल्ल्याच्या रकान्यात ‘७०००एनएम@बीओएम’ अशा पद्धतीने लिहिलं की मुंबईभोवती ७,००० सागरी मैलांचं वर्तुळ उमटतं. कोणतं विमान मुंबईहून कुठवर थेट जाऊ शकेल याचा अंदाज घ्यायला ते छान आहे, पण कारखान्याने जाहीर केलेला पल्ला जसाच्या तसा टाकू नये. तो आकडा आदर्श स्थितीतला असतो. समोरचा वारा, वळणाची वाट, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतकं राखीव इंधन आणि पोटातला माल धरला की हाती राहणारा पल्ला बराच कमी होतो. बोइंग ७७७-२००एलआरने नोव्हेंबर २००५ मध्ये हाँगकाँगहून पूर्वेकडून लंडन गाठताना २१,६०२ किलोमीटर न थांबता कापले होते, २२ तास ४२ मिनिटांत. पण ते प्रात्यक्षिक उड्डाण होतं, भरल्या खुर्च्यांचं नव्हे. रोजच्या सेवेत सिंगापूर–न्यूयॉर्क हा सुमारे १५,३५० किलोमीटरचा टप्पा गाठायला एअरबसला ए३५०-९००यूएलआर ही खास आवृत्ती काढावी लागली. सिंगापूर एअरलाइन्सच्या या विमानांत जेमतेम १६१ खुर्च्या आहेत आणि साधा इकॉनॉमी वर्गच नाही. खूप लांब जायचं तर इंधन वाहायलाच इंधन जळतं, त्यामुळे माणसं कमी करावी लागतात.

वेळेचा हिशेब : इथे गाडी अडते

अंतराच्या तक्त्यात वेग टाकायचा एक रकाना आहे. तो भरला की वेळ मिळते, पण तो निव्वळ भागाकार आहे. अंतर आणि वेळ सांगणाऱ्या अनेक संकेतस्थळांवरही असलाच ठोकताळा असतो : ताशी ५०० मैल धरायचे आणि उड्डाण-उतरण्यासाठी अर्धा तास वाढवायचा. त्याप्रमाणे मुंबई–सॅन फ्रान्सिस्को १७ तास १८ मिनिटं येतात आणि मुंबई–लंडन साडेनऊ तासांना दोन मिनिटं कमी. उत्तर अगदीच चुकीचं नाही. अडचण अशी की जाताना आणि येताना ते एकच येतं, जानेवारीत आणि जुलैत एकच येतं, आणि कोणत्याही कंपनीसाठी एकच येतं. प्रत्यक्षात या तिन्ही बाबतींत फरक असतो.

आधी वारा. प्रवासी जेट साधारण ३५,००० फुटांवर हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर धरा. वाटेत सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ८४० राहतो आणि ८ तास ३४ मिनिटं लागतात. तोच वारा पाठीमागून असेल तर वेग ९६०, वेळ साडेसात तास. म्हणजे तेच दोन विमानतळ, तेच अंतर, आणि फरक एक तास चार मिनिटांचा. लंडनहून मुंबईला येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोचतं ते यामुळे. हिवाळ्यात जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याचा, जोर वाढतो तेव्हा ही तफावत आणखी रुंदावते.

याचा सर्वांत चांगला पुरावा दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर मिळाला. या जोडीचं सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पॅसिफिकवरून नेलं. वाट वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाली, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. त्या वेळी ‘पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा’ असं बऱ्याच बातम्यांत आलं होतं. ते कारण चुकीचं आहे, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फायदा होता तो पाठीमागून ढकलणाऱ्या वाऱ्याचा. चौदाशे किलोमीटर जास्त आणि वेळ कमी : फक्त अंतर पाहून वेळ ठरवणाऱ्या कुठल्याही साधनाला हे कधीच कळणार नाही.

दुसरं, बंद आकाश. मुंबई–लंडनची सरळ रेषा बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन, जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. ही बंदी भारतीय कंपन्यांना आहे, ब्रिटिश किंवा आखाती कंपन्यांना नाही. म्हणून एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटेने जाऊ शकतात. दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या भारतीय विमानांना हा वळसा मुंबईपेक्षा जास्त महाग पडतो, कारण दिल्लीच्या पश्चिमेला लगेच पाकिस्तान आहे. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून निघू शकतं. रशियाच्या आकाशाचीही तीच गत : २०२२ पासून अमेरिकी कंपन्या त्यावरून जात नाहीत, एअर इंडियाला तशी बंदी नाही. इराण-इराकच्या पट्ट्यात तणाव वाढला की तोही रातोरात टाळला जातो.

तिसरं, डोंगर. सॅन फ्रान्सिस्कोची ती सुबक रेषा लेहजवळून काराकोरमवर चढते, पण प्रवासी विमानं हा भाग शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झपाट्याने दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला ऑक्सिजन बऱ्याच विमानांत साधारण पाव तास पुरतो. खाली वीस-पंचवीस हजार फुटांचे डोंगर शेकडो किलोमीटर पसरलेले असतील तर उतरणार कुठे? तिथून जायचंच तर सुटकेच्या वाटा आधी आखून ठेवाव्या लागतात. आर्क्टिकवर वेगळी काळजी : साधं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, त्यामुळे टाकीतलं तापमान खाली जाऊ लागलं की उंची किंवा वाट बदलावी लागते, शिवाय अडचण आली तर उतरायला जवळ विमानतळ हवा. ग्रेट सर्कल मॅपर यातलं काहीच धरत नाही. त्याने तसा दावाही कुठे केलेला नाही, हे मान्य करायला हवं. चूक होते ती त्याचा आकडा प्रवासाची वेळ म्हणून वापरणाऱ्यांची.

मग वेळ कुठे पाहायची

छापील वेळ गूगल फ्लाइट्स या तिकीट शोधायच्या पानावर, खरी वेळ विमानांचा प्रत्यक्ष माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर. दोन्ही पाहाव्यात, कारण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

गूगल फ्लाइट्सवर दिसणारा थेट विमानाचा कालावधी गेटपासून गेटपर्यंतचा असतो. विमान मागे ढकललं गेल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर लागेपर्यंत, म्हणजे धावपट्टीकडे रांगेत सरकण्याची वेळसुद्धा त्यात येते. मुंबईत ही वेळ कमी नसते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. कंपन्या उशिराचा ठपका नको म्हणून छापील वेळेत थोडी ढील ठेवतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कित्येकदा वेळेवर पोचतं.

फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या दिवसांच्या फेऱ्या ओळीने दिसतात. साध्या मोफत खात्यात सात दिवसांच्या. तिथला उड्डाणकाळ हवेतला असतो, त्यामुळे गूगलच्या आकड्यापेक्षा तो अर्धा-पाऊण तास कमी दिसणं स्वाभाविक आहे. ‘लँडेड’ची वेळ चाकं टेकल्याची, तर नियोजित आगमन गेटचं. या दोघांची थेट तुलना करून विमान वीस मिनिटं आधी आलं असं समजून घरच्यांना लवकर बोलावू नये. एखादी जुनी फेरी उघडली की प्रत्यक्ष वाट नकाशावर दिसते. ती ग्रेट सर्कल मॅपरच्या रेषेशेजारी ठेवून पाहिली की कोणतं आकाश टाळलं, वारा कुठे पकडला, हे नीट समजतं. महासागरावर किंवा ध्रुवाजवळ मधला तुकडा अंदाजाने जोडलेला असू शकतो, कारण विमानाचे संकेत झेलणारे बरेचसे यंत्रसंच जमिनीवर असतात. तिथे वाट अचानक सरळसोट दिसली तर ती खरी धरू नये.

वेळ ठरवताना एकाच दिवसाचा आकडा घेऊ नये. आठवड्यातल्या सगळ्या फेऱ्या पाहाव्यात, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा बाजूला ठेवावा, मधल्या आकड्यांवर विश्वास ठेवावा. मे महिन्यात मुंबईच्या फेऱ्या तपासत असाल तर तारीखही पाहावी. अलीकडच्या वर्षांत पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीसाठी मे महिन्यात एक दिवस दोन्ही धावपट्ट्या सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद ठेवल्या जातात आणि त्या दिवसाचं वेळापत्रक पार विस्कटलेलं असतं.

‘+२’ कडे दुर्लक्ष करू नका

वेळेच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी चूक विमानाच्या वेगाशी संबंधित नसतेच. ती घड्याळाची असते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. भारत आणि कॅलिफोर्निया यांत हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेबारा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. भारतात काहीच बदलत नाही.

समजा, जानेवारीत मुंबईहून दुपारी चारला विमान सुटलं आणि साडेसोळा तास लागले. मुंबईच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. त्यातून साडेतेरा वजा केले की सॅन फ्रान्सिस्कोत त्याच तारखेला संध्याकाळचे सात. म्हणजे जाताना तारीख बदलतच नाही. परतीचं उलटं : तिथून रात्री नऊला निघून सतरा तास उडालं तर तिकडच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन, त्यात साडेतेरा मिळवले की मुंबईत तिसऱ्या तारखेची पहाट, साडेतीन. गूगल फ्लाइट्सवर वेळेच्या कोपऱ्यात जो बारीक ‘+२’ असतो तो हाच. एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर हे पहिलं थेट विमान, कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण महिला वैमानिक चमूने उत्तर ध्रुवावरून आणलेलं, ९ जानेवारी २०२१ च्या रात्री निघून ११ जानेवारीच्या पहाटे उतरलं होतं. दहा तारीख जवळजवळ अख्खी हवेतच गेली.

लग्नाची तारीख, दवाखान्यातली अपॉइंटमेंट, मुंबईहून पुढे नागपूर किंवा कोल्हापूरचं आरक्षण, हे सगळं ‘+२’ पाहून मगच ठरवावं. पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर आधीचं विमान उशिरा आल्यामुळे ते चुकलं, तरी पुढची कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. पहाटे साडेतीनला उतरून सहाचं देशांतर्गत विमान पकडायचा बेत कागदावर जमतो. इमिग्रेशन, सामान आणि टर्मिनल बदलण्यात तो सहज फसतो.

जाताना अमेरिकेत आधी दुसऱ्या शहरात उतरून पुढे जायचं असेल, उदाहरणार्थ नेवार्कमार्गे, तर पहिल्या अमेरिकी विमानतळावरच इमिग्रेशन होतं, सगळं सामान स्वतः उचलून कस्टममधून न्यावं लागतं आणि पुन्हा जमा करावं लागतं, तिकीट एकच असलं तरी. दीड तासाचं मधलं अंतर दिसायला पुरेसं वाटतं, पण आईवडील पहिल्यांदाच जात असतील तर तीन तासांपेक्षा कमी अजिबात घेऊ नये. व्हीलचेअर मागवली असेल तर तिच्या रांगेचा वेळही त्यात धरावा.

पुण्याहून निघणाऱ्यांनी मुंबई विमानतळापर्यंतचे दीडशे किलोमीटर, घाटातली कोंडी धरून चार तास, आणि उड्डाणाआधीचे तीन तास मिळवावेत. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला दीड तास, आणि तिथून फ्रीमाँट किंवा सनीव्हेलचं घर गाठायला पाऊण-एक तास. साडेसोळा तासांचं थेट विमान घराच्या दारापासून दारापर्यंत पंचवीस-सव्वीस तासांचं होतं. एका थांब्याच्या तिकिटाला तीसच्या पुढेच धरावं.

उणिवा

ग्रेट सर्कल मॅपरचं रूप जुनाट आहे. मोबाइलवर अक्षरं बारीक, नकाशा बोटांनी मोठा करायला गेलं तर अस्पष्ट होतो. संगणकावर वापरणं कधीही बरं. प्रत्यक्षात त्या मार्गावर विमान जातं की नाही हे ते सांगत नाही. कोल्हापूर–होनोलुलू टाकलं तरी रेषा तितक्याच निमूटपणे काढून देतं. एखादं थेट विमान हंगामापुरतं असतं, बंद होतं किंवा मध्ये इंधनासाठी थांबू लागतं. भारत–अमेरिका मार्गांवर हे गेल्या काही वर्षांत वारंवार झालं आहे, म्हणून थेट सेवा आज चालू आहे का हे कंपनीच्या स्वतःच्या पानावरच पाहावं.

पण आकड्यांच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. अंतर, दिशा आणि टप्प्यांची बेरीज या तीन गोष्टींसाठी याहून सरळ साधन माझ्या पाहण्यात नाही. नकाशा तयार झाला की वरच्या पट्टीतला पत्ता उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येतो. समोरच्याला तोच नकाशा, त्याच मार्गांसह उघडतो. कुठून जायचं यावर घरात एकमत होत नसेल तेव्हा चारही मार्गांचा तो एक दुवा कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवावा, आणि त्याच्याखाली फ्लाइटरडार२४ वरून काढलेली प्रत्येक मार्गाची मागच्या आठवड्याची खरी वेळ लिहावी.